शेवटचा शब्द बचावाचा

मागच्या ऑक्टोबरमध्ये लेकीकडे सॅस्काटूनला गेले होते. कॅनडा म्हटलं की आपल्याकडे टोरांटो, व्हँकुव्हर नाहीतर नायगारा, आणि हे गाव मात्र मधल्या सपाट मुलखात, जिथे बघावं तिथे कापलेल्या गव्हाची शेतं आणि वर नुसतं आभाळ. लेक युनिव्हर्सिटीत शिकते, दिवसभर लॅबमध्ये, मी घरात एकटी, मग काय, थर्मल घालून पायी भटकायचं. असंच एकदा डाउनटाऊनमध्ये एका कोपऱ्यावर पुतळा दिसला. पुतळा म्हणजे घोड्यावरचा वगैरे नाही. पेपर विकणारा एक पोरगा आणि त्याच्याशी बोलणारा एक रुबाबदार माणूस. संध्याकाळी लेकीला विचारलं तर म्हणाली, "अगं आई, तो डीफनबेकर, पुढे पंतप्रधान झाला. तुमच्यातलाच आहे, वकील होता."

तुमच्यातलाच! मी गेली तेवीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात फौजदारी प्रॅक्टिस करते. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, त्याच कोर्टात त्याच बार रूममध्ये त्याच खुर्चीवर बसायचे. त्यामुळे 'वकील होता' एवढं कुणाबद्दल कळलं की पुढचं सगळं ऐकल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या तीन आठवड्यांत मी त्या माणसाच्या मागेच लागले म्हणा ना.

पुतळ्याची गोष्ट अशी. २९ जुलै १९१०, पंतप्रधान सर विल्फ्रिड लॉरिए युनिव्हर्सिटीची कोनशिला बसवायला सॅस्काटूनला आले होते, स्टेशनवर त्यांनी एका पोराकडून पेपर घेतला आणि गप्पा मारत उभे राहिले, आणि थोड्या वेळाने तो चौदा वर्षांचा जॉन डीफनबेकर त्यांना म्हणाला की साहेब, तुमच्याशी बोलत बसायला मला वेळ नाही, पेपर विकायचेत. गोष्ट मस्तच आहे. पण मी पडले फौजदारी वकील, मला ती जरा जास्तच गुळगुळीत वाटते. इतकं फिट्ट बसणारं साक्षीदार बोलायला लागला की आपण लगेच उलटतपासाला उभं राहतो. आणि ही गोष्ट रंगवून रंगवून सांगणारा माणूसही स्वतःच, पुढे पन्नास वर्षं. पण असो, पुतळा उभा राहिला, म्हणजे निकाल त्यांच्या बाजूने लागलाय.

जन्म १८९५ चा, ऑन्टेरिओतल्या नॉयश्टाट नावाच्या खेड्यात. वडील शाळामास्तर. १९०३ मध्ये सगळं कुटुंब पश्चिमेला गेलं, तेव्हा सॅस्कॅचवान प्रांत झालासुद्धा नव्हता. १९१० ला सॅस्काटून, तिथेच बीए, एमए. मधे पहिलं महायुद्ध, लेफ्टनंट म्हणून इंग्लंडपर्यंत गेले आणि तब्येतीच्या कारणावरून परत पाठवले गेले, ते काय नक्की झालं होतं यावर चरित्रकार अजून भांडतात, मी त्यात पडत नाही. १९१९ ला वकिलीची परीक्षा पास.

आता इथून पुढे मला खरा रस. नवीन सनद हातात आलेला पोरगा कुठे बसणार? मोठ्या शहरात सिनिअरच्या हाताखाली बॅगा उचलत? डीफनबेकरनी वाकॉ नावाचं खेडं निवडलं. वस्ती चारशेच्या आसपास. आजूबाजूला युक्रेनियन, हंगेरियन, जर्मन, फ्रेंच, मेटी (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे), सगळे एकमेकांच्या शेजारी आणि सगळे एकमेकांवर केस करायला तयार, आणि जिथे मोठं कोर्ट बसायचं ती गावंही जवळ. म्हणजे जागा अगदी हिशेब करून निवडलेली. आमच्याकडेही जुने वकील सांगतात ना, की सुपीक जमीन आणि भाऊबंदकी जिथे असेल तिथे ऑफिस काढावं, तसंच. पण गावात आधीच एक वकील होता, म्हणून या नव्या पोराला कोणी जागा भाड्याने देईना. मग त्याने रिकामा प्लॉट घेतला आणि त्यावर दोन खोल्यांचं लाकडी खोपटं उभं केलं. त्या ऑफिसची प्रतिकृती वाकॉत ठेवलीय. लेकीच्या मैत्रिणीच्या गाडीतून आम्ही एका रविवारी मुद्दाम गेलो.

खोपटं बघून मला हसूच आलं, कारण दादांचं ऑफिस डोळ्यापुढे उभं राहिलं. एसटी स्टँडमागे, पत्र्याचं, आत एक टेबल, लाल कापडात बांधलेल्या केसेसचे गठ्ठे, आणि बाहेर बाकावर पक्षकार, पिशवीत भाकरी घेऊन आलेले. तिथे बाहेर उणे तीस असेल आणि पक्षकार मेंढीच्या कातड्याचा कोट घालून बसला असेल, एवढाच काय तो फरक.

पहिल्या वर्षात त्यांनी ६२ ज्यूरी खटले चालवले आणि जवळपास निम्मे जिंकले म्हणतात. निम्मे हा आकडा मला आवडला. सगळ्या केसेस जिंकणारा वकील फक्त सिनेमात असतो. पण त्यांची एक पद्धत वाचली आणि मी ताडकन उठून बसले. हे गृहस्थ बचावाचे साक्षीदार शक्यतो काढायचेच नाहीत. कारण साक्षीदार काढला नाही तर सरकार पक्षाला त्याचं खंडन करायला संधी मिळत नाही, आणि ज्यूरीपुढे शेवटचं भाषण बचावाचं राहतं. शेवटचा शब्द आपला. अहो, हे तर दादांचं! दादा 'बचावाला साक्षीदार द्यायचा नाही' अशी पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी कळवणारा कागद, दाखल करायचे आणि बाहेर येऊन ज्युनिअरला म्हणायचे, "आपला माणूस पिंजऱ्यात गेला की आपलीच केस घेऊन बुडतो. दुसऱ्याच्या भिंतीला भोक पाडता येत असेल तर आपली भिंत कशाला बांधायची?" सातासमुद्रापलीकडे एक जर्मन आडनावाचा माणूस तेच करत होता, दादांच्या जन्माच्या आधीपासून.

हे भोक पाडायचं कसब लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

त्या जर्मन आडनावाचंही एक होतं. आईकडून माणूस स्कॉटिश, जन्म कॅनडातला, पण आडनाव डीफनबेकर, आणि काळ महायुद्धानंतरचा. प्रचारात लोक 'हूण' म्हणून, म्हणजे जर्मनांना घालायची शिवी देऊन, हिणवायचे. ते पुढे आयुष्यभर म्हणत राहिले की अमका-कॅनेडियन तमका-कॅनेडियन असं जोडनाव लावू नका, नुसतं कॅनेडियन म्हणा. मला वाटतं ही त्यांची फिलॉसॉफी वगैरे नंतरची, मुळात ती जखम होती. माझी लेक तिथे कॉफी घेताना आडनाव सांगतच नाही, कपावर नुसतं 'मे' लिहून घेते, नाव मेघना. तिला विचारलं तर म्हणते, "आई, मागे रांग असते गं."

आता निवडणुका. हा भाग मी लेकीला वाचून दाखवत होते आणि ती प्रत्येक तारखेला "परत?" म्हणत होती. १९२५, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडून लोकसभेला उभे, शेवटचा नंबर, डिपॉझिट जप्त. १९२६, परत उभे, या वेळी समोर थेट लिबरल पक्षाचे नेते मॅकेन्झी किंग, पडले. १९२९ ला प्रांताच्या विधानसभेला, पडले. १९३३, प्रिन्स अल्बर्टच्या महापौरपदाला, ४८ मतांनी पडले. १९३८ ला प्रांतात पक्षाचे नेते म्हणून उतरले, स्वतः तर पडलेच, पक्षाची एकही जागा आली नाही. पाच पराभव! सहाव्यांदा, १९४० मध्ये, लेक सेंटर मतदारसंघातून २८० मतांनी निवडून आले, आणि तेही ज्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचं देशभर पानिपत झालं त्यात.

दादा नगरपालिकेला एकदाच उभे राहिले होते. चिन्ह छत्री. मी आठवीत होते. ३१ मतांनी पडले. रात्री घरी आले, आईने पाणी दिलं, ते म्हणाले, "माणसं केस घेऊन माझ्याकडे येतात, मत घेऊन दुसरीकडे जातात," आणि दुसऱ्या दिवशी अकराला कोर्टात हजर. परत कधी विषय नाही. त्यामुळे ४८ मतं हा आकडा वाचला तेव्हा मला तो माणूस पहिल्यांदा जवळचा वाटला. ४००० नी पडलं की सोडून देता येतं, ४८ नी पडलं की माणूस रात्रभर एकेक घर मोजत बसतो. फक्त दादांनी छत्री माळ्यावर टाकली आणि यांनी नाही टाकली.

आणि या सगळ्या वर्षांत पोट भरत होतं ते फौजदारी केसेसवर. खुनाच्या केसेससुद्धा. १९३० ची एक केस त्यांना आयुष्यभर लागून राहिली. वायसोचन नावाचा पोलिश माणूस, आरोप प्रेयसीच्या खुनाचा. बचाव असा की गोळी नवऱ्याने झाडली. पण दुसऱ्याच्या बायकोशी संबंध असलेला परदेशी माणूस म्हटल्यावर ज्यूरीने काय करायचं ते केलं. जूनमध्ये फाशी. डीफनबेकर शेवटपर्यंत म्हणत राहिले की निर्दोष माणूस गेला. एक गोष्ट मी माझ्या अनुभवाने सांगते, सुटलेले पक्षकार वकिलाला आठवत नाहीत, आत गेलेले आठवतात. माझाही एक आहे, अजून येरवड्यात आहे. पण ते परत कधीतरी.

कॅनू रिव्हरची केस मात्र सविस्तर सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

२१ नोव्हेंबर १९५०. कोरियाच्या युद्धावर निघालेल्या सैनिकांची गाडी ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात समोरून येणाऱ्या एक्स्प्रेसवर आदळली. २१ माणसं गेली, १७ सैनिक आणि इंजिनांवरचे चौघे. एकेरी रूळ, कुठली गाडी कुठे थांबून कुठल्या गाडीला वाट देणार याचा हुकूम तारेने यायचा आणि स्टेशनवरचा तारबाबू तो लिहून गार्ड-ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. या हुकमातले दोन शब्द गायब होते, 'ॲट सीडरसाइड'. बस, दोन शब्द. त्यामुळे सैनिकांच्या गाडीला वाटलं आपल्याला पुढच्या स्टेशनावर थांबायचंय. आरोपी कोण? अर्थातच तारबाबू. ॲथर्टन, वय २२. मनुष्यवधाचा गुन्हा.

डीफनबेकर तेव्हा खासदार, आणि घरी बायको एडना ल्युकेमियाने शेवटच्या आजारात. ती म्हणाली ही केस घ्या. ते सांगायचे की तिने त्या पोराच्या बाजूने शब्दच देऊन टाकला होता. फेब्रुवारी १९५१ मध्ये ती गेली. हे परक्या प्रांतातले वकील, तिथली सनद नाही, मग पैसे भरून, तिथली परीक्षा देऊन सनद घेतली आणि मे महिन्यात प्रिन्स जॉर्जच्या कोर्टात उभे राहिले.

बचाव दोन बाजूंनी. पहिली बाजू तांत्रिक, की तारेवर मधेच खंड पडू शकतो, दोन शब्द निघाले पण पोचलेच नाहीत असं होऊ शकतं. याला पुरावा काय काढला, तर मागे एकदा एका समुद्रपक्ष्याने चोचीतला मासा तारेवर टाकला होता आणि लाईन बंद पडली होती! मला हे इतकं आवडलं ना. संशयाचा फायदा म्हणतात तो आकाशातून मासा होऊन पडला. दुसरी बाजू कायद्याची नव्हतीच, ती ज्यूरीच्या पोटात हात घालणारी होती. एक्स्प्रेसचे डबे पोलादी, सैनिकांचे डबे लाकडी सांगाड्याचे. रेल्वेचा अधिकारी पिंजऱ्यात आला आणि यांनी त्याला टोमणा मारला, की सैनिकांना लाकडी डब्यात मुद्दाम बसवलं असेल, म्हणजे पुढे कोरियात काहीही झालं तरी पोरं म्हणतील, यापेक्षा वाईट आम्ही कॅनडातच पाहिलंय. सरकारी वकील होते कर्नल पेपलर, स्वतः पहिल्या महायुद्धातले, ते वैतागून उठले आणि म्हणून बसले की या खटल्यात आपल्याला कोरियाला निघालेल्या चार शिपायांच्या मरणाशी कर्तव्य नाही. त्यांना म्हणायचं होतं की आरोप फक्त इंजिनवरच्या माणसाच्या मृत्यूचा आहे. कायद्याने बरोबरच. पण ज्यूरीत जुने सैनिक बसले होते. आणि डीफनबेकरनी ते वाक्य असं पकडलं की विचारू नका. कर्नल, तुम्हाला शिपायांच्या मरणाची पर्वा नाही? पुढे जेव्हा जेव्हा पेपलर उठले तेव्हा तेव्हा तोच धागा. संपली केस. ॲथर्टन सुटला.

बघा, यात त्यांनी स्वतःचं असं काहीच सिद्ध केलं नाही. दोन शब्द कुठे गेले ते आजही कुणाला माहीत नाही. फक्त समोरच्याच्या भिंतीत भोक पाडलं.

याच कसबावर माणूस पंतप्रधान झाला. पक्षाचं नेतेपद १९४२ ला मागितलं, मिळालं नाही, १९४८ ला मागितलं, मिळालं नाही, १९५६ ला मिळालं. जून १९५७ मध्ये बावीस वर्षांची लिबरल सत्ता पडली, यांना ११२, त्यांना १०५, कसंबसं अल्पमतातलं सरकार. मग जानेवारी १९५८, विरोधी पक्षाचे नवे नेते लेस्टर पिअर्सन, नुकतंच नोबेल मिळालेलं, सभ्य माणूस, त्यांनी सभागृहात येऊन सुचवलं की तुम्हाला जमत नाही तर निवडणूक न घेताच सत्ता आमच्याकडे द्या परत. डीफनबेकर उठले. हातात लिबरल सरकारच्याच काळातला एक गोपनीय अहवाल, त्यात मंदी येणार असं लिहिलेलं. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही जनतेपासून लपवलंत! दोन तास. पिअर्सन बसल्या जागी आरोपी झाले. कागद योग्य वेळी काढणं ही कला आहे हो, आधी काढला तर वाया, उशिरा काढला तर कोर्ट घेत नाही. मार्चमध्ये निवडणूक झाली आणि २६५ पैकी २०८ जागा. पाच वेळा पडलेला माणूस!

आणि काम केलं, ते नाकारता येणार नाही. कॅनडाच्या केंद्रात पहिली महिला मंत्री, एलन फेअरक्लफ, यांच्याच सरकारात. १९५८ मध्ये जेम्स ग्लॅडस्टोन या मूळनिवासी नेत्याला सिनेटवर नेमलं, आणि गंमत बघा, गंमत कसली, लाजच, की हा माणूस सिनेटमध्ये बसून कायदे करू शकत होता पण निवडणुकीत मत देऊ शकत नव्हता, कारण मूळनिवासी म्हणून नोंद असलेल्यांना केंद्राच्या निवडणुकीत मताचा हक्क मिळवायचा तर ती नोंद सोडावी लागायची. तो नियम १९६० ला गेला. त्याच वर्षी १० ऑगस्टला बिल ऑफ राइट्स, म्हणजे नागरिकांच्या हक्कांचा कायदा. वाकॉच्या खोपट्यापासून ते डोक्यात होतं म्हणतात.

इथे मला आपलं काहीतरी आठवल्याशिवाय कसं राहील. आपल्याकडे २६ जानेवारी १९५० लाच मूलभूत हक्क संविधानात आले, आणि गडचिरोलीच्या जंगलातल्या आदिवासी बाईलाही पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मताचा हक्क. कुणी नोंद सोड म्हटलं नाही. बाबासाहेबही बॅरिस्टरच, पण त्यांनी हक्क असे बांधले की साधा कायदा त्याला धडकला तर कायदा फुटेल. डीफनबेकरांचं बिल मात्र साधा कायदाच राहिला, तोही फक्त केंद्राच्या कायद्यांना लागू, प्रांतांना नाही. कोर्टं दहा वर्षं त्याला हातच लावायला घाबरत होती, १९७० मध्ये ड्रायबोन्स नावाच्या मूळनिवासी माणसाच्या दारू पिण्याच्या केसमध्ये पहिल्यांदा त्याच्या जोरावर एक भेदभावाचं कलम उडालं. खरी भिंत १९८२ मध्ये पंतप्रधान पिअर ट्रूडोंनी बांधली, हक्क संविधानातच घालून. आणि मूळनिवासींची मुलं आईबापांपासून तोडून ज्या निवासी शाळांत कोंबायचे त्या शाळा यांच्या काळातही चालूच होत्या. मत दिलं, मुलं नाही दिली. बचावाच्या वकिलाने हे बघायला हवं होतं, असं मला वाटतं, आणि मी ते बोलणारच.

पण १९६२ चं एक श्रेय द्यायलाच हवं. जानेवारीत फेअरक्लफबाईंनी इमिग्रेशनचे नियम बदलले, कोण कुठल्या वंशाचा ते न बघता शिक्षण आणि कसब बघायचं. त्याआधी अख्ख्या भारतातून वर्षाला तीनशे माणसांचा कोटा होता, विचार करा. आमच्या नात्यातले एक काका साठच्या दशकाच्या शेवटी इंजिनिअर म्हणून विनिपेगला गेले, आणि आजी सगळ्यांना सांगायची की त्यांचं नशीब. नशीब कसलं आजी, नियम बदलला होता.

१९६१ च्या मार्चमध्ये लंडनला कॉमनवेल्थच्या बैठकीत दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदावरून जुंपली तेव्हा गोऱ्या पंतप्रधानांपैकी डीफनबेकर एकटेच नेहरूंच्या आणि आफ्रो-आशियाई देशांच्या बाजूला गेले. दक्षिण आफ्रिकेने कॉमनवेल्थमध्ये राहण्याचा अर्जच मागे घेतला आणि बाहेर पडली.

मग बिघडलं कुठे?

माझं मत सांगते, पटलं तर घ्या. वकिलाला फक्त एकच बाजू सांभाळायची असते, निकाल द्यायचा नसतो. निकालाचं ओझं जजवर. तेवीस वर्षांत मी एकदाही रात्रभर जागून ठरवलं नाही की आरोपीने खरंच केलं का, ते माझं काम नाही. पण पंतप्रधानाच्या खुर्चीत बसलं की निकाल द्यावा लागतो, आणि एकदा दिला की पुढच्या तारखेला बदलता येत नाही. हा माणूस तिथे अडकायचा. ॲव्हरो ॲरो या लढाऊ विमानाचा प्रकल्प, कॅनडाचा अभिमान, भयंकर खर्चिक, २० फेब्रुवारी १९५९ ला रद्द केला आणि एका दिवसात चौदा हजारांवर माणसं घरी. कदाचित निर्णय बरोबरही असेल, पण तयार विमानं कापून भंगारात घातली गेली आणि अजून तिथले लोक त्याबद्दल आपण पानिपताबद्दल बोलतो तसे बोलतात. मग विमानाऐवजी अमेरिकेची बोमार्क क्षेपणास्त्रं घेतली, आणि ती अण्वस्त्राशिवाय बिनकामाची, आणि अण्वस्त्रं घ्यायची का नाही यावर साहेब नुसती तारीख पे तारीख. परराष्ट्र मंत्री म्हणतात नको, संरक्षण मंत्री म्हणतात हवी, हे दोघांचं ऐकतायत. फेब्रुवारी १९६३ मध्ये संरक्षण मंत्र्यांनी राजीनामा फेकला आणि दुसऱ्या दिवशी सरकार पडलं. तारीख मागून मागून केस निघत नाही हे सगळ्या वकिलांना कळतं, पण सवय जात नाही.

फाशीचंही तसंच. बहुतेक शिक्षा त्यांच्या मंत्रिमंडळाने माफ केल्या, १९६१ मध्ये कायदाही मवाळ केला. पण कॅनडातली शेवटची फाशी, दोघांना एकाच रात्री, ११ डिसेंबर १९६२, टोरांटोच्या डॉन जेलमध्ये, तेव्हा पंतप्रधान हेच. वायसोचनचा वकील. त्या रात्री ते काय करत होते हे मला कुठल्याच म्युझियममध्ये लिहिलेलं दिसलं नाही.

आणि ती केनेडींची चिठ्ठी. मे १९६१ मध्ये केनेडी ओटावाला आले, झाड लावताना पाठ दुखावून बसले, आणि जाताना त्यांच्या माणसांचा एक कागद चुकून मागे राहिला, कॅनडाकडून काय काय रेटून घ्यायचं याची टिपणं. सभ्य माणसाने काय केलं असतं, परत पाठवला असता. यांनी ठेवून दिला! वर्षभराने अमेरिकेच्या राजदूतापुढे काढून दाखवला, की हा बघा माझ्याकडे काय आहे. मी वाचताना मोठ्याने हसले, कारण दादाही ठेवायचे. कुणाची पावती, कुणाचं पोस्टकार्ड, कुणी रागात लिहिलेली चिठ्ठी. आई म्हणायची टाका ते, दादा म्हणायचे असू दे, कधीतरी एक्झिबिट होईल. पण शेजारच्या देशाच्या अध्यक्षाशी एक्झिबिट एक्झिबिट खेळून काय मिळतं? केनेडी असे चिडले की विचारू नका.

१९६३ ला पिअर्सन आले. हे विरोधी पक्षनेते झाले आणि परत फुलले, साहजिकच, ती त्यांची मूळ जागा. मेपल लीफच्या नव्या झेंड्याला कडाडून विरोध, तो १९६५ ला आलाच. स्वतःच्या पक्षाने १९६७ मध्ये टोरांटोच्या अधिवेशनात नेतेपदावरून काढलं, तिसऱ्या फेरीनंतर माघार घ्यावी लागली. तरी खासदारकी सोडली नाही. मे १९७९ ला तेराव्यांदा निवडून आले, वय ८३, आणि ऑगस्टमध्ये घरी अभ्यासिकेत गेले.

त्यांची कबर लेकीच्याच युनिव्हर्सिटीच्या आवारात आहे, नदीच्या काठावर, म्युझियमला लागून. निघायच्या आदल्या दिवशी मी एकटीच गेले. आत त्यांचं पंतप्रधानाचं ऑफिस जसंच्या तसं उभं केलंय, मंत्रिमंडळाची खोलीसुद्धा. मी तिथे फार थांबले नाही, मला वाकॉचं खोपटं जास्त खरं वाटलं. बाहेर गार वारा, नदीवरून बदकांचे मोठे थवे कलकलत दक्षिणेला चाललेले. शेजारी दुसरी बायको ऑलिव्ह. एकेकाळची मैत्रीण, मधे वीसेक वर्षं काही संपर्क नाही, आणि मग १९५३ मध्ये लग्न. एडना मात्र गावातल्या दुसऱ्या दफनभूमीत आहे. ॲथर्टनची केस जिने घ्यायला लावली ती. याचं मला का कोण जाणे वाईट वाटलं.

अंत्ययात्रेचा सगळा आराखडा त्यांनी स्वतः करून ठेवला होता. ओटावाहून सॅस्काटूनपर्यंत आगगाडी, वाटेत स्टेशना-स्टेशनावर लोक उभे. शवपेटीवर झेंडे दोन. नवा मेपल लीफचा, ज्याला सभागृहात शेवटपर्यंत विरोध केला तो, आणि जुना रेड एन्साइन. जुना वर. कुणी खंडन करायला उठणार नाही अशा वेळी.

कबरीचा फोटो काढून मी बार रूमच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, कॅनडाचे पंतप्रधान, फौजदारी वकील, बचावाचे साक्षीदार काढायचे नाहीत. तिथे सकाळ झाली असणार, दोन मिनिटांत माझ्या ज्युनिअरचा मेसेज आला, "मॅडम, मस्त. पण आपली ती कलम ३२४ ची केस तेवीस तारखेला आहे, पुरशिस देऊन टाकू का?"

मी लिहिलं, दे.